टेबलावर बसलं की लॅपटॉपचं वायफाय जातं, ओटीवर गेलं की येतं. मदत हवी!

शेवंती | सोमवार, रात्री ९.४२

मंडळी, तीन आठवडे झाले, आता डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतेय. लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हीच ओरडाल.

चिपळूणजवळ सासरचं जुनं घर. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, दीड फूट जाड. फायबर गेल्या वर्षी आलं, त्याचा डबा ओटीवर मीटरच्या शेजारी. माझं हिशेबाचं काम पुण्याच्या एका ऑफिससाठी, सगळं घरून. टेबल माजघराच्या पलीकडच्या खोलीत.

सकाळी साडेनऊला टेबलाशी बसते. दहा-पंधरा मिनिटांत रडगाणं सुरू. कधी चिन्हाखाली 'इंटरनेट नाही' असं येतं. कधी तेही नाही, सगळं झकास जोडलेलं दिसतं आणि पान मात्र उघडत नाही. मीटिंगमध्ये साहेब तोंड उघडं ठेवून गोठतात. (तो फोटो जपून ठेवलाय.) संध्याकाळी तोच लॅपटॉप काढून ओटीवर झोपाळ्यावर घेऊन बसले की सुतासारखा सरळ! टेबलावर मोबाईलही बरा चालतो. म्हणजे नक्की बिघडलंय काय?

करून झालेले उपाय: राऊटर बंद-चालू (सासूबाई म्हणतात त्या बटणाला घट्टा पडेल). नेटवर्क विसरायला लावून परत पासवर्ड. ड्रायव्हर नवा. विंडोजमधलं 'नेटवर्क रिसेट', त्यात ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कात शिरायची सुरक्षित वाट) पुसलं गेलं आणि आयटीवाल्याची बोलणी खाल्ली ती वेगळीच. कनेक्शनवाल्यांचा मुलगा दोनदा आला, 'लाइन ओके आहे ताई' म्हणाला, चहा घेतला, गेला. दुसऱ्या वेळी त्याने कपाटातला आमचा जुना राऊटर माजघरात लावून दिला, ओटीवरून वायर ओढून. नाव-पासवर्ड तेच ठेवलं. उपयोग शून्य, उलट 'इंटरनेट नाही' जास्त दिसायला लागलं असं मला वाटतं.

त्यात वायरलेस माउसही अडखळतोय, दोनदा सेल बदलले. तो बहुतेक शेवटच्या घटका मोजतोय, ते असो.

रेंजबाहेर | सोमवार, रात्री ९.५५

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हेच, पण आमच्याकडे लाइनही ओके नाही.

पुणेरी_पाटी | सोमवार, रात्री १०.०८

दीड फूट जांभा, त्यात जूनचा पाऊस मुरलेला, आणि वर विचारताय बिघडलंय काय? भिंत पाडा किंवा टेबल हलवा. टेबल हलवणं स्वस्त पडेल.

(हलकं घ्या. पण ओली भिंत ही खरीच अडचण आहे. पाणी या लहरी खातं. आमच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीच्या मागे कुणालाच वायफाय मिळत नाही.)

तारवाला | सोमवार, रात्री १०.३१

ताई, टेलिफोनमध्ये ३१ वर्षं खांबावर काढली, त्या सवयीने सांगतो. तुम्ही आतापर्यंत केलं ते सगळं औषध झालं, नाडी कुणी बघितलीच नाही.

जुन्या लाइनवर फॉल्ट शोधताना आम्ही मध्ये कुठेतरी तोडून बघायचो, बिघाड अलीकडे आहे की पलीकडे. तसंच इथे करा. लॅपटॉप ते राऊटर हा एक टप्पा. राऊटर ते बाहेरचं जग हा दुसरा. नावावरून पत्ता शोधणं, म्हणजे डीएनएस, हा तिसरा. तिन्ही टप्प्यांत काहीही बिघडलं तरी तुम्हाला दिसणार एकच, पान उघडत नाही.

टेबलाशी बसा. कमांड प्रॉम्प्ट उघडा (स्टार्टमध्ये सीएमडी लिहा) आणि आधी 'आयपीकॉन्फिग' चालवा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. 'डीफॉल्ट गेटवे' समोर जो आकडा येईल तो तुमचा राऊटर. मग 'पिंग', वजा एन, १००, आणि तो आकडा. लॅपटॉप राऊटरला शंभर हाका मारेल आणि किती हाकांना ओ आली ते शेवटी सांगेल. त्यानंतर तेच ८.८.८.८ ला करा, तो बाहेरच्या जगातला गूगलचा पत्ता. दोन्ही इथे टाका. राऊटरलाच ओ मिळत नसेल तर बाहेरच्या लाइनला शिव्या देण्यात अर्थ नाही.

आणि मोबाईलची साक्ष धरू नका. वायफायवर इंटरनेट मिळालं नाही की तो न सांगता सिमच्या डेटावर उडी मारतो. मोबाईल डेटा बंद करून बघा.

शेवंती | मंगळवार, सकाळी १०.२०

काका, केलं. डेटा बंद ठेवूनही मोबाईल चालतोय, फक्त सकाळी एकदा त्यालाही 'इंटरनेट नाही' आलं. तसंही सिमची रेंज आमच्याकडे फक्त खिडकीत येते, लोक तिथे उभं राहून बोलतात.

आता गंमत. पहिल्यांदा आयपीकॉन्फिग केलं तेव्हा गेटवे १९२.१६८.१.१ होता. राऊटरला हाका १००, परत आल्या ७१. बाहेर ८.८.८.८ ला ७०. अर्ध्या तासाने 'इंटरनेट नाही' आलं म्हणून परत केलं तर गेटवे १९२.१६८.०.१! असा कसा बदलला? घर तेच आहे.

तारवाला | मंगळवार, सकाळी ११.०२

सापडला एक चोर. घर तेच, पण घरात कारभारी दोन झालेत.

लॅपटॉप नेटवर्कवर आला की तो विचारतो, 'मला पत्ता कोण देणार?' हा पत्ता वाटण्याचा उद्योग म्हणजे डीएचसीपी, आणि तो घरात एकानेच करायचा असतो. त्या मुलाने जुना राऊटर तसाच जोडला. त्याचं वाटप चालूच आहे. आता जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता लॅपटॉप घेतो. ओटीवरच्या डब्याने दिला तर सगळं चालतं. माजघरातल्याने दिला तर तो म्हणतो 'बाहेर जायचं तर माझ्यामार्फत जा', आणि त्याच्या स्वतःच्या इंटरनेटच्या भोकात वायरच नाही! मग 'इंटरनेट नाही'. मोबाईलचंही सकाळी तेच झालं.

उपाय: लॅपटॉप वायरने जुन्या राऊटरला जोडा, १९२.१६८.०.१ उघडा. डीएचसीपी बंद करा. त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, म्हणजे पुढे कधी उघडायचा झाला तर सापडेल. तो पत्ता ओटीवरचा डबा दुसऱ्या कुणाला देत नाही ना, एवढं बघा. ओटीवरून आलेली वायर लॅनच्या भोकात आहे ना तेही बघा, वॅन (म्हणजे तेच इंटरनेटचं) लिहिलेल्या वेगळ्या रंगाच्या भोकात नको.

पण ७१ चा आकडा मला खटकतोय. तो या भानगडीने पडत नाही.

रेंजबाहेर | मंगळवार, दुपारी १२.१५

वाचनखूण साठवली. आमच्याकडे तीन राऊटर आहेत, तीन भावांचे. आता कळलं.

नाना_सोलापूर | मंगळवार, दुपारी १.४०

धाग्यात घुसतोय, माफी असावी. माझा जुना लॅपटॉप वायफायला जोडला जातो, पण कुठलंही पान उघडलं की 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' अशी लाल पाटी. बँकेचं तर उघडतच नाही. व्हायरस आहे का?

ऑरेंज_सिटी | मंगळवार, दुपारी १.५८

नाना, उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा बरं काय म्हणते.

नाना_सोलापूर | मंगळवार, दुपारी २.०५

१ जानेवारी २०१५.

ऑरेंज_सिटी | मंगळवार, दुपारी २.११

मग काय बाप्पा! संकेतस्थळाचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत खरं असते. तुमचा लॅपटॉप २०१५ मध्ये बसला आहे, त्याला आजचं प्रमाणपत्र पुढच्या जन्मातलं वाटते. तारीख नीट करा, लगेच चालेल. चार्जर काढून ठेवल्यावर पुन्हा मागे गेली तर आतला घड्याळाचा सेल संपला. बहुतेक मशीनमध्ये सीआर २०३२ असते, रुपयाएवढा गोल. बदलून घ्या.

नाना_सोलापूर | मंगळवार, दुपारी २.२४

चाललं!! तीन महिने मुलगा म्हणत होता नवा घ्या. शतायुषी व्हा.

शेवंती | बुधवार, रात्री ८.५०

काका, जुन्या राऊटरचं सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं. मिस्टरांनी वायर धरली, मी क्लिक केलं. आज दिवसभरात 'इंटरनेट नाही' एकदाही आलं नाही! मोठ्ठं धन्यवाद.

पण गोठणं तसंच आहे. १०० हाकांत २८ गेल्या. कधी ३ मिलिसेकंदांत ओ येते, कधी ९०० मध्ये, कधी येतच नाही. आता तर लॅपटॉप माजघरातल्या राऊटरवर आहे, मध्ये एकच भिंत, दरवाजा उघडा, सिग्नल ८६ टक्के दाखवतो. मग २८ हाका जातात कुठे?

मोबाईलचा हॉटस्पॉट करूनही पाहिला. लॅपटॉप ओटीवर नेला, त्याला मोबाईलवर जोडला, तासभर एकदाही अडकला नाही. म्हणजे लॅपटॉप चांगला, राऊटर वाईट, बरोबर?

पुणेरी_पाटी | बुधवार, रात्री ९.०४

गर्दी असेल. शेजाऱ्यांचे राऊटर किती दिसतात? वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात नावाला १३ चॅनल असतात, पण एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच: १, ६ आणि ११. आमच्या सोसायटीत ४१ नावं दिसतात, सगळी ६ वर बसलेली.

शेवंती | बुधवार, रात्री ९.१२

आमच्याकडे ४१ माणसं गोळा करायला शिमगा लागतो. आमची सोडून दोनच नावं दिसतात, त्यातलं एक 'फुकट मिळणार नाही' असं आहे. आमचे दोघे १ आणि ११ वर आहेत, तारवाला काकांनी काल व्यनिमधून (खासगी निरोपातून) करून घेतलं.

ऑरेंज_सिटी | बुधवार, रात्री ९.४०

ताई, माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. दोन प्रश्न. लॅपटॉपचं बिजागर किंवा स्क्रीन कधी बदलली का? वायफायच्या दोन बारीक तारा, बहुतेक एक काळी एक पांढरी, स्क्रीनच्या मागून वर जातात. अँटेना झाकणात असते, खाली नाही. स्क्रीन बदलणारा पोरगा घाईत एक तार लावायची विसरते किंवा बिजागरात चेपते. असे महिन्याला दोन-तीन लॅपटॉप येतात माझ्याकडे.

दुसरं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'वीज वाचवण्यासाठी बंद करू द्या' अशी खूण असते, ती काढा. मशीन हुशारी करून कार्डाला डुलकी घेऊ देते.

शेवंती | गुरुवार, सकाळी १०.१५

दादा, लॅपटॉप आठ महिन्यांचा आहे, अजून उघडलेला नाही. खूण काढली. २८ च्या २७ झाल्या.

बर्लिनकर | गुरुवार, दुपारी १.३०

अवांतर, पण 'दिसत नाही' या जातीचं माझंही. अमेरिकेत चार वर्षं होतो, लॅपटॉप तिथला. आता जर्मनीत आलो. घरातल्या राऊटरचं नाव बायकोच्या फोनला दिसतं, माझ्या लॅपटॉपला कधी दिसतं, कधी गायब. पासवर्डचा प्रश्नच येत नाही, नावच नाही यादीत.

तारवाला | गुरुवार, दुपारी २.०९

राऊटरचं चॅनल 'ऑटो'वर असणार. युरोपात १ ते १३ चालतात, अमेरिकेत व्यवहारात ११ पर्यंतच. तिथले बरेच लॅपटॉप १२ आणि १३ कडे कानच देत नाहीत. राऊटर १३ वर गेला की तुमच्यासाठी तो गावात नाही. १, ६ किंवा ११ वर पक्का बसवा.

बर्लिनकर | गुरुवार, दुपारी २.४६

१३ वरच होता. दंडवत.

तारवाला | गुरुवार, दुपारी ३.२०

शेवंतीताई, तुमच्या प्रकरणात मात्र मी अडकलोय. सिग्नल ८६ टक्के, गर्दी नाही, कारभारी एक, कार्ड जागं. नवा लॅपटॉप. संध्याकाळी विचार करतो.

हॉटस्पॉटची परीक्षा मात्र पुन्हा द्या. तुम्ही राऊटरही बदललात आणि जागाही बदललीत, मग गुण कशाला आला ते कसं कळणार? लॅपटॉप टेबलावरून हलवू नका. मोबाईल खिडकीत ठेवा आणि त्याच्या हॉटस्पॉटवर जोडून हाका मारा.

शेवंती | गुरुवार, संध्याकाळी ५.३५

काका!! हॉटस्पॉटवरही टेबलाशी ३४ गेल्या. म्हणजे राऊटर निर्दोष? टेबलाला भूतबाधा आहे का? सासूबाईंनी नारळ फिरवायची तयारी दाखवली आहे.

मृद्गंध | गुरुवार, रात्री १०.४८

माझा इथला पहिलाच प्रतिसाद, वर्षभर नुसती वाचत होते. ताई, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये शेवटी माउसचं लिहिलंय. तो कधी अडखळतो? ओटीवरही?

शेवंती | गुरुवार, रात्री ११.०१

ओटीवर माउस नेतच नाही, तिथे बोटानेच करते. टेबलावरच अडखळतो. का गं?

मृद्गंध | गुरुवार, रात्री ११.०४

आणि टेबलावर लॅपटॉपला काय काय जोडलेलं असतं?

शेवंती | गुरुवार, रात्री ११.१२

माउसचं बोंडुक (यूएसबीत खोचायचा त्याचा तुकडा). एक यूएसबी हब (एका भोकाची अनेक करणारा डबा), त्यातून मोठ्या स्क्रीनची वायर. हबलाच बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क, ती लॅपटॉपच्या झाकणाला टेकवून उभी ठेवते, जागा कमी आहे म्हणून. संध्याकाळी ओटीवर जाताना सगळं उपटून जाते.

अगं बाई. सगळं उपटून जाते.

मृद्गंध | गुरुवार, रात्री ११.३०

हो तेच! मी कोल्हापुरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, टेबलावर चार-चार डिस्का असतात. मला हे कळायला चार महिने लागले होते.

हबच्या आणि डिस्कच्या तोंडात निळं प्लास्टिक आहे का बघा. असेल तर बहुधा यूएसबी ३. ती वायर सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने चालते आणि चालताना जी रेडिओची कुजबुज बाहेर सांडते ती नेमकी २.४ गिगाहर्ट्झवरही पडते. तुमचं वायफाय तिथेच, वायरलेस माउसही तिथेच. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक शोधनिबंधच काढला होता, त्यात हीच दोन उदाहरणं आहेत, वायफाय आणि वायरलेस माउस. डिस्क जोडल्यावर गोंगाट २० डेसिबलच्या आसपास वाढलेला त्यांना दिसला. २० डेसिबल म्हणजे शंभर पट.

सिग्नल ८६ टक्के दिसतो, कारण ते टक्के राऊटरच्या आवाजाचे असतात. तुमच्या कानाशी किती गोंगाट चाललाय ते त्यात धरलेलं नसतं. पालखीपुढे ढोल वाजत असताना शेजारचा माणूस बोलतो तसं, तोंड हलताना दिसतं, शब्द कळत नाहीत. आणि ऑरेंज_सिटी दादांनी सांगितलंच आहे की अँटेना झाकणात असते. तुम्ही डिस्क नेमकी झाकणाला टेकवली आहे!

उद्या एकेक काढून हाका मोजा. सगळं एकदम नका उपटू, नाहीतर कोण दोषी ते कळणार नाही.

तारवाला | गुरुवार, रात्री ११.५२

वा पोरी! माउसचं वाक्य मी सोमवारीच वाचलं होतं आणि 'ते असो' म्हणून सोडूनही दिलं. ताईंनी 'ते असो' लिहिलं म्हणून मीही असो म्हटलं.

२.४ ही फुकटची गायरान जमीन आहे. आपल्याकडे २००५ पासून तिथे परवाना लागत नाही, त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ, माउस, सगळ्यांची गुरं तिथेच. मायक्रोवेव्ह शेगडीही २.४५ वरच. पण यूएसबीची वायर तिथे न बोलावता चरते हे मला ठाऊक नव्हतं. खांबावर यूएसबी नसायची.

शेवंती | शुक्रवार, सकाळी ११.१०

निकाल. सगळं टेबलावरच, लॅपटॉप इंचभरही न हलवता, माजघरातल्या राऊटरवर, प्रत्येकी १०० हाका:

सगळं जोडलेलं असताना: २९ गेल्या.
फक्त डिस्क काढली: ७ गेल्या.
डिस्क काढून हबही काढला: ० गेल्या. शून्य!
डिस्क परत जोडली, पण हबऐवजी थेट लॅपटॉपला आणि झाकणाला टेकवून: २२.
तीच डिस्क तिच्या वायरीच्या लांबीएवढी, म्हणजे वीतभर बाजूला आडवी ठेवली: ११.

आणि माउस! डिस्क काढल्याक्षणी लोण्यासारखा फिरायला लागला. मी खुर्चीत ओरडले, सासूबाई धावत आल्या.

पुणेरी_पाटी | शुक्रवार, सकाळी ११.२५

मी भिंतीवर पैज लावली होती. भिंतीची जाहीर माफी.

पण मग प्रत्येकाच्या घरात हे का होत नाही? डिस्का तर सगळेच लावतात.

मृद्गंध | शुक्रवार, दुपारी १२.४०

होतं, पण वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर असलेल्यांना त्रास जाणवत नाही, आणि आता बरेच जण ५ वरच असतात. शेवंतीताईंचे दोन्ही राऊटर जुन्या पद्धतीचे, फक्त २.४ वाले असावेत. शिवाय वायरवरच्या, गोंगाट आत अडवणाऱ्या धातूच्या जाळीचा फरक पडतो. डिस्कसोबत आलेली मूळ वायर बरी असते, बाजारातली पातळ वायर किंवा स्वस्त हब हे सांडणारे नळ. माझ्या चार डिस्कांपैकी दोनच त्रास देतात.

ताई, डिस्क लांब न्या, मीटरभर, चांगल्या जाड वायरने. माउसचं बोंडुक डिस्कपासून दुसऱ्या बाजूला, जमलं तर छोट्या यूएसबी २ च्या एक्स्टेन्शनवर पुढे आणा. लॅपटॉपला काळ्या तोंडाचं यूएसबी २ चं भोक असेल तर डिस्क तिथे लावली तरी गोंगाट थांबतो, फक्त कॉपी सावकाश होते. बॅकअप रात्री घेत असाल तर सावकाश झाली तरी काय बिघडलं.

ऑरेंज_सिटी | शुक्रवार, दुपारी १.१५

काही गिऱ्हाइकं येतात, 'घरी वायफाय तुटते' म्हणतात. मी काउंटरवर लावून पाहतो, चालते. परत पाठवतो. ते घरी जाऊन डिस्क लावतात अन् मला शिव्या देतात. आता काउंटरवर एक डिस्क ठेवतो बाप्पा.

तारवाला | शुक्रवार, संध्याकाळी ६.०५

ताई, पुढेमागे राऊटर बदललात तर ५ गिगाहर्ट्झवालाही असा घ्या. तो पट्टाही २०१८ मध्ये आपल्याकडे बराच मोकळा केला. पण दीड फुटी जांभ्यातून ५ ची लहर २.४ पेक्षा कमीच पोचेल, म्हणजे माजघरात एक लागेलच, आणि तो ओटीशी वायरनेच जोडलेला हवा. वायर आहेच तुमची ओढलेली. त्या पोराने तेवढं काम चोख केलंय, चहा फुकट गेला नाही.

शेवंती | पुढचा गुरुवार, रात्री ९.२०

आठवडा झाला, म्हणून शेवटचं कळवते. डिस्क आता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला फळीवर, मीटरभर लांबीच्या जाड वायरने. हब बदलला नाही, पण त्याला झाकणामागून काढून खाली टेबलाच्या कडेला चिकटवला. माउसचं बोंडुक उजवीकडे एक्स्टेन्शनवर. कालच्या दोन तासांच्या मीटिंगमध्ये एकदाही अडकलं नाही. साहेबांचा चेहरा हलताना पहिल्यांदाच एवढा वेळ पाहिला. गोठलेला बरा होता.

रात्री मुद्दाम १००० हाका मारल्या. ४ गेल्या. तारवाला काकांना व्यनि केला, ते म्हणाले हजारात चार सोडून द्या, जोरात पाऊस असताना आम्ही खांबावर यापेक्षा जास्त सोडायचो.

मृद्गंध, चिपळूणला आलीस तर फणस न्यायला ये.

आणि माउसचे मी 'संपले' म्हणून काढून ठेवलेले चारही सेल सासऱ्यांनी आपल्या रेडिओत घातलेत. छान वाजतोय.